काळोख्या टाक्यात चमकणारी यकृतका : सायथोडियम, टार्जिओनिया आणि साधेपणाचा अर्थ

कातळवाट

गेल्या आषाढात मावळातल्या एका लेण्याशेजारच्या पाण्याच्या टाक्यात वाकून पाहत असताना आतल्या कातळावर हिरवट-सोनेरी चकाकी दिसली. पहिल्यांदा वाटले की ओल्या दगडावर पडलेला उजेड आहे. डोके बाजूला घेतले की चकाकी वाढे आणि डोके टाक्याच्या तोंडाशी आणले की ती मावळे. हात लांबवून नखाने हलकेच एक तुकडा सोडवला, तेव्हा तळव्यावर आली ती जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, दोन फाट्यांची, टिपकागदाहूनही पातळ अशी हिरवी फीत. उजेडात धरल्यावर तिच्यातून पलीकडची बोटे दिसत होती, आणि मघाची सोनेरी झाक मात्र पार नाहीशी झाली होती.

ही सायथोडियम प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे, हे भिंगाखाली पाहिल्यावर नक्की झाले. यकृतका म्हणजे लिव्हरवर्ट : ओल्या जागी वाढणाऱ्या, बियांऐवजी बीजुकांनी (सूक्ष्म प्रजननकणांनी) पसरणाऱ्या लहान वनस्पती. त्यांच्या जगभरातल्या सुमारे ७,५०० जातींमध्ये या प्रजातीच्या वाट्याला फक्त डझनभर जाती येतात, त्याही बहुतेक उष्ण आणि उपोष्ण प्रदेशांतल्या. इतक्या लहान गटावर वेगळा धागा काढण्याचे कारण असे की, वनस्पतीचे शरीर साधे दिसते म्हणून ती प्राचीन मानावी काय, या जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधायला याहून बोलके उदाहरण मला आपल्या परिसरात दुसरे सापडलेले नाही.

आधी लक्षणे पाहू. मार्कँशिया ही यकृतका आपण सर्वांनी महाविद्यालयात कापून पाहिली आहे. तिच्या कायकाच्या (मूळ-खोड-पान असे भाग नसलेल्या चपट्या शरीराच्या) छेदात वरची त्वचा, त्वचेला पिंपाच्या आकाराची छिद्रे, छिद्रांखाली हवेच्या पोकळ्या, पोकळ्यांच्या तळातून उभ्या राहिलेल्या हरितद्रव्याने भरलेल्या पेशींच्या माळा आणि त्याखाली साठवणीच्या पेशींचा जाड थर असा चांगला तीनमजली संसार असतो. सायथोडियमच्या छेदात यातले जवळजवळ काहीच उरलेले नाही. वर पेशींचा एक पडदा, खाली एक पडदा (मध्यभागी फार तर काही थर), आणि दोहोंच्या मध्ये एका पेशीच्या जाडीच्या भिंतींनी विभागलेल्या ऐसपैस पोकळ्या. पोकळ्यांत पेशींच्या माळा नाहीत. हरितकणू (हरितद्रव्याचे कण) वरच्या त्वचेतच येऊन बसलेले आहेत. छिद्रे आहेत, पण साधी, भोवती पेशींची एक-दोन कडी असलेली. खालच्या बाजूचे खवले काही थोड्या पेशींचे, शोधून काढावे लागतात. मूलकल्प (मुळांसारखे धागे) आहेत, पण मार्कँशियात दिसणारे आतून दातेरी मूलकल्प इथे जवळपास नाहीतच. बहुतेक सपाट भिंतीचे आहेत.

जननांगांचीही तीच कथा. मार्कँशियात मादी अंगे छत्रीसारख्या देठावर उंच चढतात. इथे देठ नाही, छत्री नाही. कायकाच्या टोकाशी, खालच्या अंगाला, एका लहानशा पेल्यासारख्या वेष्टनात सारे उरकते. या पेल्यावरूनच गुस्ताव कुंझे याने १८३४ मध्ये प्रजातीला नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्याथोस’ म्हणजे पेला. त्याच्यासमोरचे नमुने क्यूबातले होते आणि जातीचे नाव त्याने कॅव्हर्नेरम, म्हणजे गुहांमधली, असे ठेवले. ग्रिफिथ याने भारतीय उपखंडातल्या जातीला ऑरिओनिटेन्स, म्हणजे सोन्यासारखी चमकणारी, हे विशेषण दिले होते. ती जात पुढे शिफ्नर याने सायथोडियममध्ये आणली. दोघांनीही टाक्यात मला जे दिसले त्यातलाच एकेक भाग नावात ठेवला आहे, याची गंमत वाटते.

वर्गीकरणात ही प्रजाती फार काळ टार्जिओनियाच्या कुलात होती. टार्जिओनिया आपल्याकडे घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडींवर, दगडी कठड्यांच्या सांध्यांतल्या मातीत आढळते. तिच्यातही देठ नाही आणि वेष्टन कायकाच्या टोकाशी खालीच असते. फक्त ते काळे-जांभळे, दोन मिटलेल्या शिंपल्यांसारखे दिसते. देठ नसणे, टोकाशी खाली वेष्टन असणे आणि बीजुककोशाने झाकण उघडून बीजुके सोडणे या समान गोष्टींवर दोन्ही प्रजाती एकत्र ठेवल्या गेल्या होत्या. आज मार्कँशिएलीझ या गणात सायथोडिएसी आणि टार्जिओनिएसी अशी दोन स्वतंत्र कुले मानतात. ही फारकत योग्य का वाटते, यावर जाणकारांनी लिहावे.

मृगसर

उत्तम धागा. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे, पण आता त्या विषयाशी पोटापाण्याचा संबंध राहिलेला नाही. एक शंका आहे. आम्हाला पहिल्यांदा रिक्सिया ही साधी यकृतका शिकवली, मग मार्कँशिया, मग अँथोसेरॉस आणि शेवटी फ्युनेरिया. त्यामागे चढती पायरी होती : रिक्सियाच्या बीजुककोशाला ना पाया, ना देठ, ना बीजुके उधळणारे इलेटर, कायकातच पिशवी कुजते आणि बीजुके मोकळी होतात. मार्कँशियात पाया आला, देठ आला, इलेटर आले. बीजुके तयार करणाऱ्या पेशींपैकी अधिकाधिक पेशी वांझ होऊन इतर कामांना लागल्या, असे वनस्पतिशास्त्रज्ञ बोवर यांचे मत आम्ही परीक्षेत लिहीत असू. त्या हिशेबाने सायथोडियमची जागा रिक्सिया आणि मार्कँशिया यांच्या मधली ठरायला हवी. तुम्ही मात्र लिहिता की तिच्यात ‘काहीच उरलेले नाही’. उरलेले नाही म्हणजे पूर्वी होते, असे तुम्ही गृहीतच धरले आहे.

कातळवाट

मृगसर, आपण माझा शब्द बरोबर पकडलात. तो मी जाणूनबुजून वापरला होता, पण त्याचा आधार द्यायला हवा होता.

आपण सांगता ती पायरी एकट्या बोवर यांची नाही. कॅव्हर्स यांनी १९१०-११ च्या सुमारास ब्रायोफायटांच्या (यकृतका, मॉस वगैरे वनस्पतींच्या) परस्परसंबंधांवर लेखमाला लिहिली. तिच्यात स्फेरोकार्पस आणि रिक्सिया या दोन यकृतकांचे गुण असलेला एक काल्पनिक पूर्वज मानून त्याला त्यांनी ‘स्फेरो-रिक्सिया’ असे नाव दिले. या साध्या पूर्वजापासून एकेक गोष्ट वाढत मार्कँशियापर्यंत चढत जाणे हा त्या मांडणीचा गाभा होता. ती शिकवायला सोपी होती आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृत्याही सोप्याकडून अवघडाकडे जात, त्यामुळे ती अभ्यासक्रमात घट्ट बसली असावी, असा माझा कयास आहे.

उलट दिशेने पाहणारा माणूस लाहोरमध्ये बसला होता. शिवराम कश्यप (१८८२–१९३४) हे तिथल्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राध्यापक होते आणि पश्चिम हिमालयातल्या यकृतका वर्षानुवर्षे स्वतः चढून गोळा करत होते. १९१४ मध्ये त्यांनी सायथोडियम ट्यूबरोझम या नव्या जातीचे वर्णन केले. अशा हिमालयी यकृतकांच्या आधारावर १९१९ मध्ये त्यांनी असे मांडले की मार्कँशियाच्या गणातली दिशा चढणीची नसून उतरणीची आहे. उंच देठ आखूड होत गेले आणि अखेर नाहीसे झाले. गुंतागुंतीची छिद्रे साधी झाली. पोकळ्यांतल्या पेशींच्या माळा गेल्या. रिक्सिया हे या उतरणीचे एक टोक आहे, आरंभ नव्हे.

कश्यप यांच्या युक्तिवादात मला सर्वांत पटणारी गोष्ट अशी की, त्यांच्यासमोर मधल्या अवस्था होत्या. एखाद्या अवयवाचा निरुपयोगी अवशेष दिसला, तर तो ‘अजून यायचा आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘जात चालला आहे’ असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. ड्युमॉर्टिएरा घ्या. ओढ्याकाठच्या सावलीत वाढणाऱ्या या यकृतकेच्या पृष्ठावर पोकळ्यांच्या सीमारेषांचे पुसट जाळे दिसते, पण खाली पोकळ्या नाहीत. पडलेल्या घराच्या जोत्यावरून खोल्यांचा नकाशा कळावा, तसा हा प्रकार आहे. ज्या घरात खोल्या कधी नव्हत्याच, त्याच्या जोत्यावर त्यांच्या खुणा कशा असतील?

हिरवाईप्रिय

क्षमस्व, पण जोत्याचा दाखला सुंदर असला तरी तो पुरावा नव्हे. ‘जात चालला आहे’ आणि ‘येत आहे’ यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत असता, तर कॅव्हर्स आणि कश्यप यांचे मतभेद झालेच नसते. दोघेही तज्ज्ञ होते आणि दोघांसमोर जवळपास त्याच वनस्पती होत्या. दिशा ठरवायला बाहेरचा पुरावा हवा.

तो आता जनुकक्रमांतून मिळाला आहे. गेल्या वीसेक वर्षांत यकृतकांचे जे वंशवृक्ष तयार झाले, त्यांत रिक्सियाचे कुल तळाशी नसून मार्कँशिएलीझच्या आत खोलवर येते. म्हणजे रिक्सियाबद्दल कश्यप बरोबर ठरले. देठदार छत्री, दातेरी मूलकल्प, हवेच्या पोकळ्या या गोष्टी एकापेक्षा अधिक शाखांत स्वतंत्रपणे हरवल्या, असेच चित्र दिसते.

मात्र कॅव्हर्स यांना पूर्णपणे मोडीत काढू नये, ही विनंती. याच वंशवृक्षांत मार्कँशियाच्या वर्गातली सर्वांत आधी फुटलेली शाखा ब्लासियाची आहे, आणि ब्लासियाचा कायक अगदी साधा असतो : पोकळ्या नाहीत, छिद्रे नाहीत, खालच्या बाजूला नॉस्टॉक हे नीलहरित शैवल सांभाळणाऱ्या कळ्यांसारख्या खोळी तेवढ्या असतात. स्फेरोकार्पसचा गटही बराच लवकर वेगळा झालेला आहे. तेव्हा साधा पूर्वज असणार, हे त्यांचे म्हणणे असमर्थनीय नाही. चुकले ते एवढेच की त्या पूर्वजाची प्रतिमा त्यांनी रिक्सियात पाहिली. साधेपणापासून गुंतागुंतीकडे आणि तिथून परत साधेपणाकडे असा हा प्रवास असेल, तर दोन टोकांचे साधेपण एकसारखे दिसणारच. सायथोडियम दुसऱ्या टोकाच्या साधेपणात मोडते.

आणखी एक दुरुस्ती. दोन्ही प्रजातींचे बीजुककोश झाकण उघडून फुटतात, असे मूळ लेखात आहे, ते बरोबर नाही. टार्जिओनियाचा कोश वेडावाकडा तडकतो आणि त्याच्या भिंतीतल्या पेशींना सर्वत्र कंसासारखी जाड वळी असतात. सायथोडियममध्ये टोकाला झाकणासारखी चकती असते आणि तिच्याखालचा भाग साधारण आठ दातांनी उकलतो. जाड वळी फक्त कोशाच्या वरच्या अर्ध्या भागात असतात; खालचा अर्धा भाग पातळ आणि नुसता असतो. दोन कुले वेगळी मानण्यामागे जी लक्षणे सांगितली जातात, त्यांत हे माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम आहे, कारण कायकाची जाडी सावलीनुसार बदलू शकते, पण कोश फुटण्याची रीत इतक्या सहज बदलत नाही.

कातळवाट

दुरुस्ती मान्य. मी टार्जिओनियाचे पिकलेले कोश भिंगाखाली पाहिले होते, पण ते आधीच फुटलेले होते आणि राहिलेला भाग मी झाकण समजून बसलो. मूळ लेख तसाच ठेवतो, म्हणजे पुढच्या वाचकांना चर्चेचा संदर्भ लागेल.

‘देठ नाही’ या समान लक्षणाबद्दलही आता मला वेगळे वाटू लागले आहे. नसण्यावरून नाते जुळवणे नेहमीच धोक्याचे असते. दोन माणसांच्या घरी गाय नाही, एवढ्यावरून ती एका भावकीतली ठरत नाहीत.

जांभ्याची विहीर

माझे घर दक्षिण कोकणात आहे. आमच्या परसातली विहीर जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली आहे आणि पाण्याच्या वर हात-दीड हात, उत्तरेकडच्या बाजूला, कातळवाट यांनी वर्णिलेली चकाकी मी लहानपणापासून पाहत आले आहे. आजी तिला ‘विहिरीचा काजवा’ म्हणायची. हा शब्द गावभर चालतो की आमच्या घरापुरताच आहे, ते विचारावे लागेल. माझे दोन प्रश्न आहेत. ही वनस्पती खरोखर प्रकाश निर्माण करते का? आणि दिवाळीपर्यंत ती पूर्ण नाहीशी होऊन पुढच्या पावसात नेमकी त्याच चिऱ्यांवर कशी परतते?

हिरवाईप्रिय

जांभ्याची विहीर, प्रकाश ती निर्माण करत नाही. पडताळा सोपा आहे : दुपारी विहिरीच्या कठड्यावर सुपाने किंवा घोंगडीने आडोसा करावा. बाहेरचा उजेड तुटला की चकाकी त्याच क्षणी विझते, काजव्याची विझत नाही. वरच्या त्वचेच्या पेशी आणि त्यांतली हरितकणूंची मांडणी यांच्यामुळे तोंडाकडून आलेला अंधूक उजेड बराचसा आल्या वाटेने परत फिरतो. म्हणून ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेने पाहणाऱ्याला ती दिसते, आणि कातळवाट यांनी डोके मध्ये आणल्यावर ती मावळली. समशीतोष्ण प्रदेशांतल्या गुहांत शिस्टोस्टेगा नावाचे एक मॉस अशाच कारणाने चमकते. दोघांचे नाते फार दूरचे आहे.

यावरून कायक इतका पातळ का, याचाही अंदाज बांधता येतो. उजेड कमी असेल तर तो पहिल्याच थरात वापरून टाकावा लागतो. खालचे जाड मजले पोसायला काही उरत नाही. हवा कायम दमट असेल तर पाणी वाहून नेणारे खवले आणि दातेरी मूलकल्पही अनावश्यक ठरतात. हे सावलीचे स्पष्टीकरण मला पटते, तरी ते वंशवृक्षातून सिद्ध होत नाही. वंशवृक्ष क्रम सांगतो, कारण सांगत नाही.

कातळवाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. ट्यूबरोझम ही जात असेल तर नावातच ते आहे : ट्यूबर म्हणजे गाठ. पाऊस ओसरू लागला की कायकाचे टोक खाली वळते, मातीत शिरते आणि साठ्याने फुगून लहानशी गाठ बनते. वरची हिरवी फीत सुकून जाते. गाठ चिऱ्यांच्या सांध्यातल्या मातीत उन्हाळा काढते आणि मृगाच्या पावसानंतर तिथूनच नवा कायक फुटतो. म्हणून जागा बदलत नाही. या जातीत नर आणि मादी कायक वेगवेगळे असतात, त्यामुळे एखाद्या चिऱ्यावर फक्त एकाच लिंगाची वस्ती असेल तर तिथे बीजुके कधीच दिसणार नाहीत आणि सारा कारभार गाठींवरच चालेल. गाठी न बनवणाऱ्या जातींना मात्र दर वर्षी बीजुकांपासून आरंभ करावा लागतो.

टार्जिओनियाची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. ती उन्हाळा अंगावर काढते. कोरडे पडू लागले की कायकाच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना भिडतात, हिरवा पृष्ठभाग आत जातो आणि खालचे काळे खवले बाहेर येतात. दरडीवर जळक्या सुतळीचे तुकडे चिकटल्यासारखे दिसते. चैत्रात असा एक तुकडा घरी आणून मी बशीत पाणी शिंपडले, तेव्हा चहा उकळेपर्यंत कडा उलगडून हिरवा पट्टा दिसू लागला होता. सायथोडियमचा तुकडा मी तसाच सुकवून भिजवला, तर ओल्या पतंगाच्या कागदासारखा लगदा हाती आला. या दोघींना एका कुलात कोंबणे मला त्या दिवसापासून जड जाते, अर्थात हा वर्गीकरणाचा निकष नव्हे.

पश्चिम रेल्वे

बडोद्याच्या वाचकांसाठी एक भर : १९३७ मध्ये चव्हाण यांनी सायथोडियम बॅरोडी या नावाने एका जातीचे वर्णन केले होते. म्हणजे एका मराठी आडनावाच्या संशोधकामुळे बडोद्याचे नाव या चिमुकल्या प्रजातीच्या वाङ्मयात कायमचे नोंदले गेले आहे.

शिवाय एका जातीचे नाव फीटिडिसिमम, म्हणजे अतिदुर्गंधी, असे आहे. ही शिफ्नर यांची थट्टा नव्हती. तिच्या रासायनिक विश्लेषणात स्कॅटोल सापडले आहे, आणि विष्ठेला जो वास येतो त्यात याच द्रव्याचा मोठा वाटा असतो.

मृगसर

माझी शंका बहुतांशी फिटली. आता जात ओळखायची कशी, तेवढे सांगा. माझ्याकडे भिंग आहे आणि एका शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मिळू शकतो.

हिरवाईप्रिय

प्रजातीपर्यंत भिंग पुरते : पारभासक कायक, डोळ्यांनाही दिसणाऱ्या बहुकोनी पोकळ्या, टोकाशी खाली पेला. जातीपर्यंत जायचे तर पिकलेली बीजुके लागतातच. त्यांच्या कवचावर काटे आहेत की बोथट उंचवटे, ते किती दाट आहेत, यावर बरेच ठरते. त्याखेरीज वेष्टनाचा आकार, नर अंगे त्याच कायकावर आहेत की वेगळ्या, आणि गाठी आहेत का, हे पाहावे. श्रावणात गोळा केलेला नमुना बहुधा कच्चा निघतो. भाद्रपदाच्या उत्तरार्धात पाहावे. नखाएवढाच तुकडा घ्यावा, कारण एका टाक्यातली वस्ती तळहाताएवढीही नसते.

छेद घेण्यासाठी जुनी युक्ती सांगतो. कायक बोटांत धरून पाते चालवले तर तो चिरडतो. गाजराचा तुकडा उभा चिरून त्या फटीत कायक ठेवावा आणि गाजरासकट नव्या पात्याने पातळ काप काढून पाण्यात सोडावेत.

जांभ्याची विहीर

गाजर मिळाले नाही, म्हणून बटाटा वापरला. भाचीच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली वीस-पंचवीस कापांतले दोन नीट निघाले. वर एक ओळ, खाली एक ओळ आणि मध्ये उभ्या भिंतींच्या मोकळ्या खोल्या, अगदी इथे लिहिल्याप्रमाणे. वरच्या ओळीतल्या पेशी हिरव्या कणांनी भरलेल्या होत्या. खालची ओळ जवळजवळ रिकामी होती.

पेले एकाही फितीवर सापडले नाहीत. दसऱ्यानंतर त्याच चिऱ्याच्या सांध्यातली चिमूटभर माती काडीने उकरून पाण्यात ढवळली, तेव्हा तळाशी मोहरीहून लहान, फिकट पिवळसर अशा चार गाठी बसल्या. दोन परत सांध्यात दाबून ठेवल्या आहेत. दोन बशीत ओल्या मातीवर आहेत आणि ती बशी विहिरीच्या कोनाड्यात आहे.